पोकळीचा तास

रविवारी साडेसातला
नेरूळच्या शिल्पबागेत नाव नोंदवायचं.
वहीत रकाने तीन : नाव, वय, पूर्वानुभव.
मी लिहिलं : मधुसूदन खरकर, चौऱ्याहत्तर, मोजणी खातं.
शेजारच्या बाईंनी अंगठा पुढे केला,
मग मागे घेतला आणि सावकाश
पोसूबाई मढवी असं लिहिलं.
पूर्वानुभव : चिखल.
हसले सगळे. त्याही.

तीस वर्षं मी साखळी टाकली या जमिनीवर.
खुणेचे दगड रोवले, नकाशे रंगवले :
मिठागराला फिकट निळा, खाचराला पोपटी,
नंतर दोन्हींवर एकच करडा.
पोसूबाईंचा गट नंबर कोणता
हे मी विचारलं नाही.
आठवला असता.

निरंजन सरांनी मातीचा गोळा दिला,
म्हणाले, याला घाई नाही, आधी पोकळी बघा.
समोर काळ्या पाषाणाची बाई बसलेली,
नाक नाही, डोळे नाहीत,
काखेखाली मात्र एक भोक,
पलीकडे खाडीचा तुकडा दिसावा इतकंच.
दगड काढू नका, म्हणाले, भोक काढा.
आमच्या खात्यात क्षेत्र काढत, हिस्से काढत,
भोक काढा असा हुकूम कधी आला नव्हता.
माझा कागद कोराच राहिला.
सर म्हणाले, जवळ आलात.

नऊला निसर्गफेरी.
फिरदौस धुरू, वय बावीस,
गळ्यात दुर्बीण, पायात भावाचे गमबूट.
चिखलावर उड्या मारणाऱ्या माशाचं
तिने शास्त्रातलं नाव सांगितलं, लांबलचक.
पोसूबाई म्हणाल्या,
आगो, निवटा हाय त्यो. कालवण बरा होतंय.
मुलांनी दोन्ही लिहून घेतलं,
कालवण जरा मोठ्या अक्षरात.

चैत्राच्या दुसऱ्या रविवारी
भोकात गवत दिसलं.
दयाळाची जोडी,
नर तोंडात किडा धरून दगडी खांद्यावर.
खाडी दिसेना आता.
मंगळवारी कुणी मोठे पाहुणे येणार,
म्हणून ऑफिसातून शिडी आली, ब्रश आला,
आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर
फिरदौस बसली. उठेचना.
सर एकदा शिल्पाकडे बघत, एकदा तिच्याकडे,
म्हणाले, माझं भोक खाडीसाठी होतं.
मग म्हणाले, असू दे.
मला वाटतं त्यांना थोडं लागलं ते.

मला तिथे बसायची पायरी उरली नव्हती.
मी घरी गेलो, माळ्यावरून फक्कीची पिशवी काढली,
सुतळी, दोन खुंट्या.
बारा पावलांवर गोल रेघ मारली
त्या दगडी बाईभोवती,
वाकून, कमरेत कळ येईतो.
उभ्या आयुष्यात माझी ही पहिली रेघ
जिच्या आत राहणारा आतच राहिला.

पोसूबाई रेघेपाशी येऊन उभ्या.
बराच वेळ पायाकडे बघत.
हात आजून सरळ हाय तुमचा, म्हणाल्या.

म्हणजे ओळखलं होतं.
पहिल्या दिवशीच, वहीपाशी.

मी काय बोलणार होतो.
हातावरची फक्की झटकली, ती लुंगीवर उडाली, पुसली तर अजून पसरली.

त्यांच्या फळीवर माती चापट पडलेली,
अंगठ्याने दाबलेले चौकोन शेजारी शेजारी,
मधले बांध वर आलेले.
सरांनी विचारलं, भट्टीत घालू?
नको, म्हणाल्या. उन्हान ऱ्हवू दे.
खाडीची माती हाय,
पांढरा येल वरती.

मी चौकोन मोजले. सोळा.
पुन्हा मोजले. सवय.
वर पिल्लं ओरडायला लागली होती,
आणि त्यांचं काही मोजता येत नव्हतं.